लायसन शंभर रुपयांचं, भात नऊ तासांचा

'सर, आम्ही मूळचे अहमदपूर तालुक्यातले. सहा वर्षांपूर्वी पोराच्या ट्यूशनसाठी लातूरला खोली करून राहिलो. पोराचं झालं, तो आता पुण्याला नोकरीला आहे, पण मेस मागं राहिली. बत्तीस पोरांचे डबे आहेत. महिना २८०० रुपये, दोन टाइम, रविवारी एक टाइम. हाताखाली दोन बायका आहेत. मागच्या रविवारी पुरी-भाजी, मसालेभात अन् कोशिंबीर दिली. एका पोराला रात्री उलट्या सुरू झाल्या, सलाइन लावावं लागलं. त्यानं अर्धा डबा दुपारी खाल्ला होता अन् उरलेला रात्री. बाकी कुणालाच काही झालं नाही. त्याचे वडील फोनवर म्हणायलेत, अन्न-औषधला तक्रार करतो. शेजारचे मेसवाले म्हणतात, तुमच्याकडं लायसनच नाही, सील ठोकतील, पाच लाख दंड करतील, आत घालतील. एक एजंट ८००० रुपये मागायलाय, सगळं मॅनेज करतो म्हणतो. हे लायसन आरोग्य खात्याचं असतं का नगरपालिकेचं? घरातल्या घरात डबे करणाऱ्याला पण लागतं का? साहेब आले तर काय काय बघतात? एजंटला पैसे देऊ का? आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही.'
– एक ताई, लातूर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. प्रश्न चार विचारलेत आणि चारही कागदाचे, नाहीतर साहेबाचे. मधेच एक वाक्य मात्र सहज लिहून गेलात: 'अर्धा डबा दुपारी खाल्ला होता अन् उरलेला रात्री.' मला विचाराल तर सगळं पत्र त्या एका वाक्यात आहे. पण झोप उडालीय ती लायसनमुळं, म्हणून आधी ते उरकतो.

लायसन आरोग्य खात्याचं नाही आणि महानगरपालिकेचंही नाही. ते अन्न व औषध प्रशासनाचं. आपल्याकडं लोक नेहमी इथंच चुकतात. पोटात गडबड झाली म्हणजे आरोग्य खातं, असं वाटणं साहजिक आहे. आरोग्य खातं येतं ते दहा-वीस जण एकदम आजारी पडले की. तेव्हा ते रुग्ण बघतात, पाण्याचे नमुने घेतात, साथ आहे का तपासतात. कचरा, गटार, सांडपाणी महापालिकेकडं. पातेल्यात काय शिजतंय आणि ते विकायची परवानगी कुणाला आहे, हे बघायचं काम अन्न व औषध प्रशासनाचं. जिल्ह्याला त्यांचं ऑफिस असतं, अन्नाचे सहायक आयुक्त तिथं बसतात आणि त्यांच्या हाताखाली अन्न सुरक्षा अधिकारी. मी त्यातलाच एक होतो. पूर्वी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता, तेव्हा आम्हाला अन्न निरीक्षक म्हणायचे. २००६ चा नवा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून प्रत्यक्ष लागू झाला. आदल्या संध्याकाळी निरीक्षक म्हणून घरी गेलो आणि सकाळी सुरक्षा अधिकारी होऊन आलो. खुर्ची तीच, जीप तीच, जीपची बॅटरीही तीच.

घरातल्या घरात डबे करणाऱ्यालाही हे लागतं. पैसे घेऊन दुसऱ्याला खायला घातलं की कायद्याच्या लेखी तो अन्नव्यवसाय झाला, मग स्वयंपाकघर घरातलं असो की हॉटेलातलं. मात्र त्यात दोन पायऱ्या आहेत. लहान धंद्याला नोंदणी, मोठ्याला परवाना. २०११ च्या नियमावलीनं ही रेघ वर्षाच्या १२ लाख उलाढालीवर आखली. उलाढाल म्हणजे हातात उरतात ते पैसे नव्हेत, गल्ल्यात येतात ते सगळे. तुमचा हिशोब मी करून बघितला: बत्तीस पोरं, २८०० रुपये, एक महिना सुट्टीचा सोडून अकरा महिने. ९ लाख ८५ हजार ६०० झाले. म्हणजे तुम्हाला नोंदणी पुरते. पुढं पोरं वाढली तर त्या वेळी रेघ कुठं आहे ते पोर्टलवर बघा, ती बदलत असते.

नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, एवढंच लागतं. अर्ज फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर करायचा. मुलाला पुण्याहून व्हिडिओ कॉल लावा, तो अर्ध्या तासात भरून देईल. नाहीतर कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात बसून भरून घ्या, त्यांचे काय थोडेफार होतील ते द्या. नियमाप्रमाणं ७ दिवसांत एकतर नोंदणी मिळते, नाहीतर तपासणीला येतो म्हणून कळवतात. चौदा आकडी नंबर येतो. नोंदणीचा २ पासून सुरू होतो, परवान्याचा १ पासून. हे लक्षात ठेवा, कारण मागं एका चहावाल्याला एजंटानं भलत्याच दुकानाच्या परवान्यावर त्याचं नाव चिकटवून झेरॉक्स दिली होती. बिचाऱ्यानं तीन वर्षं ती भक्तिभावानं देवाच्या फोटोशेजारी लावली होती. प्रमाणपत्र येईल ते दिसेल अशा जागी लावा. हॉटेलांना १ जानेवारी २०२२ पासून हा नंबर बिलावरही छापावा लागतो. तुमचं बिल म्हणजे पोरांना देता ते मेसचं कार्ड, त्यावर छापून घ्या.

म्हणजे ८००० रुपये कशाचे, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. 'मॅनेज करतो' असं जो म्हणतो, त्याला विचारा, काय मॅनेज करतो? पावती देतो का? शंभराच्या पुढं ज्याची पावती नाही, ते पैसे कुणाच्या खिशात जाणार ते तो सांगणार नाही, आणि उद्या काही झालं तर फोनही उचलणार नाही.

आता शेजाऱ्यांचे पाच लाख. सहा वर्षं नोंदणीशिवाय मेस चालवली, ही चूकच आहे, ती गोड शब्दांत झाकत नाही. पण विनापरवाना धंद्याचं जे कडक कलम आहे, ६३ वं, त्यातून नोंदणीच्या वर्गातले लहान धंदे वगळलेले आहेत. पाच लाख ही कमी दर्जाचं अन्न विकल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा आहे, लोक ती कुठंही चिकटवतात. तुम्ही घाबरायचंच असेल तर ५६ व्या कलमाला घाबरा. अस्वच्छ परिस्थितीत अन्न केलं तर १ लाखापर्यंत दंड होतो, आणि त्यात लहान-मोठा असा भेद नाही. आल्या आल्या सील ठोकणं हा काही पहिला उपाय नसतो. दोष दिसले तर सुधारणा नोटीस येते, तिची मुदत १४ दिवसांपेक्षा कमी नसते. त्यातही सुधारलं नाही तर पुढं निलंबन. ताबडतोब बंद करायचा अधिकार कायद्यात आहे, पण तो लोकांच्या जिवाला सरळ धोका दिसला तर वापरायचा.

साहेब आले तर आधी ओळखपत्र बघा. न लाजता मागा, खरा असेल तो दाखवतो. त्यानं नमुना घेतला तर तुमच्या रोजच्या भावानं त्याचे पैसे द्यायला तो बांधील आहे. नमुन्याचे चार भाग होतात, तुमच्यासमोर सीलबंद होतात, तुमची सही होते. त्यातला एक भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवा, असं तुम्ही लेखी मागू शकता. हे फारसं कुणाला ठाऊक नसतं आणि आम्हीही आपणहून कधी सांगत नव्हतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. आणि जागेवर रोख दंड मागणारा एकतर तोतया, नाहीतर लाचखोर. दंड ठरवायचा अधिकार तपासणीला आलेल्या माणसाला नसतो. लाचलुचपतवाल्यांचा नंबर १०६४, अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री १८००२२२३६५. दोन्ही भिंतीवर लिहून ठेवा, पोरांनाही दिसू द्या.

साहेब काय काय बघतात, याचं पुस्तकी उत्तर नियमावलीच्या चौथ्या अनुसूचीत आहे. माझं सांगतो. मी मेसमध्ये शिरलो की पहिल्यांदा फडकं बघायचो. ओट्यावर एक फडकं असतं. त्यानंच ओटा पुसतात, त्यानंच ताट पुसतात, त्यालाच हात पुसतात, तव्यावरची पोळी उतरवायलाही तेच. ते फडकं उचलून मी नाकाशी धरायचो. आंबट वास आला की पुढचं अर्धं काम झालं. फरशी आरशासारखी असेल, बाई केसांना टोपी घालून उभी असेल, साहेब येणार हे कळल्यावर उदबत्तीही लावलेली असेल, फडकं खोटं बोलत नाही. तुम्ही आज दहा फडकी आणा, जुनं धोतर फाडून केली तरी चालतील. रोज रात्री उकळत्या पाण्यात घाला आणि उन्हात टाका. ऊन आपल्याकडं काही कमी नाही. हात पुसायचं वेगळं ठेवा, त्याचा रंग वेगळा असू द्या.

मग हात. तुमच्या दोन बायकांपैकी कुणाला बोटाला कापलंय, गळू आलंय, जुलाब चाललेत, तर तिला त्या दिवशी पातेल्यापासून लांब ठेवा आणि तिची मजुरी कापू नका. मजुरी कापली की पुढच्या वेळी ती सांगणार नाही, पदराआड बोट झाकून कणीक मळेल. गळवातले जंतू अन्नात उतरले की जे विष करतात ते पुन्हा उकळलं तरी जात नाही. दोघींची आणि तुमची वर्षातून एकदा डॉक्टरी तपासणी करून घ्या, टायफॉइडची लस घ्या, दाखला फाइलला लावा. नियमात ते आहेच.

पाणी. लातूरकराला पाण्याचं काय सांगायचं? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. मांजरा धरण भरलं तर नळाला चार-सहा दिवसांनी, नाही भरलं तर टँकर. म्हणून इथं प्रत्येकाच्या घरी पाणी साठवलेलंच असतं, आणि मेसचं अर्धं दुखणं त्या साठवणीत असतं. टँकरचं पाणी आलं की टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाका. कोरडी भुरभुरू नका, बादलीत कालवून, निवळू देऊन वरचं पाणी ओता. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट करा, त्याची छोटी बाटली मिळते. थेंब टाकल्यावर पिवळी झाक आली की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. आली नाही तर मात्रा कमी पडली. आरओचं मशीन लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. आरओनं क्लोरीनही निघून जातं. मग ते पाणी पिंपात साठवलं आणि त्यात दिवसभर तांब्या बुडत राहिला तर ते साध्या पाण्यापेक्षा लवकर बिघडतं. तोटीचं पिंप घ्या, तांब्या बुडवणं बंद. थंड पाण्याचे जार घेत असाल तर देणाऱ्याकडं त्याच्या परवान्याचा नंबर मागा. बहुतेक नुसतं हसतात. वर्षातून एकदा जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या, तो रिपोर्ट साहेबापुढं पहिला ठेवायचा कागद.

आता भात.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. एका तालुक्याच्या गावी वसतिगृहात सकाळी नाष्ट्याला फोडणीचा भात दिला. दहाच्या आत एकवीस पोरं उलट्या करत होती. मी पोचलो तेव्हा स्वयंपाकीण बाई कोपऱ्यात बसून रडत होती. म्हणाली, साहेब, शिळा असला तरी चांगला वाफाळता गरम करून दिला, देवाशपथ. ती खरं बोलत होती. भात तिनं खरोखर वाफाळता केला होता. पण तो रात्री आठला शिजवून, मोठ्या पातेल्यात, झाकण लावून, भिंतीला टेकवून ठेवला होता. जूनचा महिना. सकाळी सहाला मी असतो तर पातेल्याच्या पोटात हात घातल्यावर तो अजून कोमट लागला असता. तिथंच सगळं झालं होतं, सकाळची फोडणी निमित्तालाही नव्हती.

कच्च्या तांदळात मातीतून आलेल्या एका जंतूचे बीजाणू असतात, बॅसिलस सेरियस त्याचं नाव. भात शिजला तरी ते मरत नाहीत, नुसते दडून बसतात. भात कोमट झाला की जागे होतात, वाढतात, आणि त्यातले काही विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी तसंच राहतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या. आपण दुधाला विरजण कसं लावतो? दूध कोमट करायचं, झाकायचं, उबेला ठेवायचं आणि हलवायचं नाही. स्टीलच्या डब्यात गच्च दाबलेला गरम मसालेभात हुबेहूब तेच करतो. फरक इतकाच की विरजण आपण घातलेलं नसतं.

तुमचा रविवार आठवा. भात किती वाजता उतरवला? दहाला म्हणू. अकराला डबा खोलीवर पोचला. पोरानं दीडला अर्धा खाल्ला, चमचा त्याच डब्यात घातला, झाकण लावलं, खिडकीत ठेवला आणि टेस्ट सिरीज लिहायला बसला. संध्याकाळी तुमची मेस बंद. रविवारी एकच वेळ, हा लातूरच्या मेसचा दस्तूरच आहे. मग पोरगं रात्री काय खाणार? उरलेला मसालेभात. म्हणजे दहाचा भात सातच्या पुढं, नऊ तासांनी, आणि तोही त्याच्या पत्र्याच्या खोलीत. बाकी एकतीस जणांना काही झालं नाही, कारण बाकीच्यांनी दुपारीच संपवला असणार, नाहीतर रात्री गाड्यावर जाऊन वडापाव खाल्ला असणार. प्रयोगशाळेचा रिपोर्ट नसताना मी शपथेवर सांगणार नाही की कारण हेच. पण तीस वर्षं हेच केलंय, आणि पैज लावायची तर मी भातावर लावीन.

यात तुमचा स्वयंपाक घाण होता असं नाही. तुमचं वेळापत्रक चुकलं होतं. आणि ते लायसन असतं तरी चुकलंच असतं, कारण डबा कधी उघडायचा हे नोंदणीच्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं.

आपल्या आज्या शेतावरची शिदोरी बांधताना भात बांधायच्या का? भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, फार तर ठेचा. वारीला निघालेल्या माणसाच्या पिशवीत धपाटे. भात घरी, पानात, वाफ निघत असताना. त्यांना बॅसिलस माहीत नव्हता, पण काय टिकतं आणि काय टिकत नाही ते पक्कं माहीत होतं. मेसच्या डब्यात आपण उलटं केलं. पोरांचं पोट भरावं म्हणून भात कोंबला, कारण तो स्वस्त पडतो. खोटं सांगू नका, मीही खानावळीत जेवलेला माणूस आहे.

तर रविवारी असं करा. दुपारच्या डब्यात भात एका वेळेपुरताच द्या, मूठभर कमी गेला तरी चालेल. त्याच वेळी संध्याकाळसाठी कागदी पिशवीत दोन धपाटे, नाहीतर दशम्या, आणि कोरडी चटणी वेगळी द्या. खर्च थोडा वाढेल. महिन्याला पन्नास रुपये वाढवून घ्या, कारण सांगा, आई-बाप देतील. डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहा, 'भात दोनच्या आत.' पोरं हसतील. फिजिक्स शिकणारी पोरं आहेत, एकदा विरजणाचं उदाहरण द्या, त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल. कोशिंबिरीत दही कालवून देऊ नका, दही वेगळ्या डबीत द्या.

रोजच्या डब्यांचंही बघा. पोरांचे क्लास सकाळी, डबा दहाला, जेवण दीडला, असं असेल तर भात आठला शिजवू नका. भाजी-पोळी आधी, भात सगळ्यात शेवटी. भिंतीवर एक पाटी ठेवा आणि भात चुलीवरून उतरवला ती वेळ खडूनं लिहा. अन्न साठ अंशाच्या वर गरम असतं किंवा पाचच्या खाली गार असतं, तोवर जंतूंना फार वाव नसतो. मधली जी कोमट पट्टी आहे तिथं ते वाढतात, आणि लातूरच्या मे महिन्यात नुसती खोलीच त्या पट्टीत असते. म्हणून शिजल्यापासून तोंडात जाईपर्यंत दोन तास चांगले, चार तास ही हद्द. त्यापुढचं गाईला. उरलेला भात फ्रिजला टाकायचा असेल तर पातेलं तसंच ढकलू नका, मधला गोळा रात्रभर कोमट राहतो. परातीत पातळ पसरा, पंख्याखाली धरा, गार होताच डब्यात घालून फ्रिजला, आणि दुसऱ्या दिवशी तो तुम्ही घरचे खा, पोरांना नको.

आणखी एक सवय लावून घ्या. रोज प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डबीत घालून, वर तारीख टाकून, फ्रिजरला दोन दिवस ठेवा. काही झालं तर तुमच्याकडं दाखवायला काहीतरी असेल. तुम्ही निर्दोष असाल तर ती डबीच तुम्हाला सोडवेल. नसाल तर निदान कशानं झालं ते कळेल.

उपवासाचा डबा देत असाल तर भगरीवर जास्त लक्ष ठेवा. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात कोष्टवाडीला फेब्रुवारी २०२४ मध्ये महाप्रसादानंतर दोन हजारांच्या आसपास लोकांना त्रास झाला, ते तुम्हीही वाचलं असेल. नवरात्र आणि महाशिवरात्र आली की मराठवाड्यात कुठं ना कुठं भगरीची विषबाधा ठरलेली. ओल धरलेल्या भगरीवर बुरशी चढते आणि तिचं विष शिजवून जात नाही. सुटी भगर नको, सुटं पीठ तर मुळीच नको. पाकीट घ्या, तारीख बघा, निवडून, धुऊन, लागेल तेवढीच शिजवा आणि तासाभरात संपवा.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर मेसला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. तो बघायला आमचं खातं नाही, पुरवठा विभाग येतो, आणि ते सिलिंडर उचलूनच नेतात. पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई पोळीला लागते आणि नियमानंही बंदी आहे. फडक्यात गुंडाळा. पुऱ्यांचं तेल दुसऱ्यांदा फार तर भाजीच्या फोडणीला, काळं पडलं, फेस धरायला लागलं की संपलं. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात, कायद्यात त्यांना २५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ते मोजायचं यंत्र तुमच्याकडं नाही आणि आमच्याकडंही रोज नसायचं. डोळ्यांवर आणि नाकावर भरवसा ठेवा. पनीर स्वस्तात मिळालं तर पाकिटावर वाचा, बऱ्याचदा ते दुधाचं नसतंच.

राहिले पोराचे वडील. त्यांनी तक्रार केली तर करू द्या, तो त्यांचा हक्क आहे. तक्रार होईल म्हणून नोंदणी करू नका, तशीच करा, आजच. पण त्यांना लायसन आहे असं खोटं सांगू नका. नाही, काढायला टाकलंय, असं सांगा. पोरगं कसं आहे ते आधी विचारा. दवाखान्याचा खर्च किती आला विचारा आणि जमेल तेवढा द्यायची तयारी दाखवा, तोंड बंद ठेवायचा मोबदला म्हणून नाही, तुमच्या डब्यातला भात होता म्हणून. रविवारी रात्रीचं तुम्ही काय बदललं ते सांगा. धपाट्यांचं सांगा. एजंटाला द्यायचे ८००० वाचले, त्यातच हे सगळं बसेल आणि फडकी, पिंप, ओटीची बाटली घेऊनही उरतील.

फोन दिवसा करू नका, शेतकरी माणूस असेल तर रानात उचलणार नाही. रात्री आठच्या पुढं करा. त्या वेळेला मेसचे डबेही गेलेले असतात तुमचे.